वच्छला कुठं निघाली?

खीरदानाची पातेली अजून विहाराच्या ओट्यावर पालथी पडली होती आणि धाकट्या नागसेनची बायको पुष्पा चार बायकांसोबत ती घासत बसली होती. बाकीचं घर जेवून-आवरून ओसरीत जमलं. आश्विन पौर्णिमेच्या दुपारी या घरात काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. वर्षावास संपला, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात चाललेलं ग्रंथवाचन संपलं, खीर वाटून झाली, की राजानंद जालन्याहून आणलेल्या पिशवीतून कागद काढणार आणि आपल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचणार.

पहिलंच. दर वर्षी पहिलंच.

बेबीनंदानं भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले. मोठ्या मुलाचा तिला अभिमान होता. निम्म्या घनसावंगीला तिनं सांगून ठेवलं होतं की आमचा राजा नुसता मास्तर न्हाई, कादंबरी लिहितो. पहिली तीन-चार वर्षं लोक विचारायचे, झाली का हो कादंबरी? आता कुणी विचारत नाही, आणि ते तिला जास्त झोंबतं.

कादंबरीत वच्छला नावाची बाई घनसावंगीच्या बसस्टँडवर पत्र्याची पेटी घेऊन उभी आहे. एवढंच. एका वर्षी ती धुक्यात उभी होती, एका वर्षी रखरखीत उन्हात. एका वर्षी प्रकरण कंडक्टरच्या भांडणानं सुरू झालं आणि सगळे पोट धरून हसले. एका वर्षी राजानंदानं वच्छलेला 'तू' म्हणून लिहिलं, तेव्हा नागसेनला अर्धा वेळ वाटत राहिलं की दादा आपल्यालाच बोलतोय. गेल्या वर्षी तर वच्छला यायलाच सात पानं लागली, त्याआधी सगळा स्टँडचा इतिहास होता आणि ती येईपर्यंत बेबीनंदाला डुलकी लागली होती.

यंदाचं प्रकरण आटोपशीर होतं. राजानंदानं चष्मा वर सरकवून शेवटची ओळ वाचली, "आणि वच्छलेनं पेटी उचलली." मग त्यानं कागद मांडीवर ठेवले आणि सगळ्यांकडे पाहिलं. आता नागसेन 'भारी झालं दादा' म्हणणार होता आणि राजानंदाची बायको प्रिया चहाला उठणार होती.

"मंग?" बेबीनंदानं विचारलं.

"मंग काय, आई? संपलं प्रकरण."

"ते कळलं मला. पेटी उचलली, मंग कुठं गेली?"

"ते पुढच्या प्रकरणात."

"अन् ते कव्हा?" तिनं पाय जवळ ओढले. "विहारात तीन महिन्यांत अख्खा ग्रंथ वाचून होतो, राजा. तुझी बाई हाय तिथंच. मी गिरणीवर जाताना स्टँडवरून जाती, तर मला वाटतं ती खरंच तिथं उभी हाय. तिला इचारावं, बाई, तुला जायचं तरी कुठं हाय? मी सत्तरीला टेकली. मला कळू दे की."

नागसेन हसला. प्रिया हसली नाही.

तिला या कादंबरीचा जेवढा अनुभव होता तेवढा कुणालाच नव्हता. ती जालन्यात नर्स होती, तिच्या ड्युट्या बदलायच्या, पण घरातला रविवार कधी बदलला नाही. रविवारी पहाटे राजानंद उठणार. सागवानी टेबल पुसणार. हे टेबल खिडकीकडे तोंड करून हवं म्हणून कपाट हलवलं होतं, मग खिडकीतून लक्ष जातं म्हणून टेबल फिरवलं आणि कपाट परत हलवलं. शाईच्या पेनानं हात चालतो म्हणून शाईचं पेन, ते गळतं म्हणून दुसरं. मिक्सर लावायचा नाही, कुकर लावायचा तर शिट्टी व्हायच्या आत उतरवायचा. भिंतीवर वच्छलेच्या सात पिढ्यांचा तक्ता. मग तो मोबाइलवर 'कादंबरी कशी लिहावी' हे सांगणाऱ्या माणसाचं भाषण ऐकणार आणि 'लिहिते हात' नावाच्या ग्रुपवर इतरांना सल्ला देणार, की लेखकानं रोज लिहिलं पाहिजे. दुपारपर्यंत कालचं अर्धं पान खोडून झालेलं असायचं. एका प्राध्यापकांनी कधीतरी त्याला 'बीज चांगलं आहे' म्हटलं होतं. त्या तीन शब्दांवर हा माणूस किती वर्षं जगला हे प्रियानं पाहिलं होतं. तिला त्याचा राग यायचा, आणि त्याची दयाही यायची, आणि दोन्ही एकाच रविवारी यायचं.

"आई, घाई करून चालत नाही त्यात," ती म्हणाली. नवऱ्याची बाजू घ्यायची तिला सवयच लागली होती.

"मी कुठं घाई करून राह्यली? मी इचारून राह्यली."

"मला म्हाईत हाय," पायल म्हणाली.

ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. नागसेनची ही एकुलती एक, तेवीस वर्षांची. तहसीलसमोरच्या ऑनलाइनच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून द्यायची.

"काय म्हाईत हाय?" बेबीनंदानं विचारलं.

"वच्छला कुठं गेली ते." पायल चौकटीपासून सरळ झाली. "मी लिहिलंय पुढचं. दुसऱ्या प्रकरणापासून शेवटपर्यंत. मोबाइलमधे हाय."

राजानंद मांडीवरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिला. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"शेवटपर्यंत?" त्यानं विचारलं.

"हो. एकवीस प्रकरणं झाली."

"माझी वच्छला?"

पायलनं हे वाक्य कितीतरी वेळा मनात ऐकलं होतं, पण ते एवढ्या हळू आवाजात येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. पुण्याच्या एका प्रकाशनानं नवीन लेखकांच्या पहिल्या कादंबरीसाठी स्पर्धा ठेवली होती. निवडलेलं पुस्तक ते छापणार होते. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. तिनं पाठवलं नव्हतं, कारण मोठ्या पप्पांना विचारल्याशिवाय तिला पाठवायचं नव्हतं.

"लिहायच्या आधी नाही विचारलंस," राजानंद म्हणाला.

"मला वाटलं चालतं." हे ती खरंच सांगत होती. "सुट्टीला येऊन तुम्ही विहारात वाचता, अन् तुमचा आवाज बसला की मी पुढचं वाचते का न्हाई? तुम्ही नुसतं बोट ठेवता, मी तिथून उचलते. कुणी कुणाला इचारत न्हाई. ग्रंथ थांबू द्यायचा न्हाई, असं तुम्हीच शिकवलं. तुम्ही दर वर्षी 'पेटी उचलली'पाशी थांबायचे. मला वाटलं, हितून आपण उचलावं."

"तो ग्रंथ सगळ्यांचा आहे, पायल. ही माझी आहे."

"बराबर हाय दादाचं," नागसेन एकदम तापला. "उठ. पाय धर त्याचे. दादानं एवढी वर्षं जिवापाड संभाळली ती बाई अन् तू परस्पर पळवून नेली?"

त्याच्या रागात थोडी सुटकाही होती, आणि त्या सुटकेची त्याला लाज वाटत होती. नागसेनची जीप घनसावंगी-जालना लाइनवर चालायची. सकाळी सीट भरेपर्यंत पायल पुढच्या सीटवर मोबाइलमध्ये टाइप करत बसायची आणि जीप निघाली की उतरून दुकानात जायची. चालत्या गाडीत तिला मळमळतं. हे गेलं वर्ष-दीड वर्ष चाललं होतं, आणि नागसेननं मनाशी धरून ठेवलं होतं की पोरगा आहे कुणीतरी. तो कोण, कुठला, चांगल्या घरचा आहे का, यावर त्यानं परतूरच्या साडूशी बोलणंही करून ठेवलं होतं. आता कळलं की पोरगा नव्हताच, वच्छला होती.

"पोरगा असता तर मी काहीतरी बोललो असतो," तो प्रियाला म्हणाला. "याच्यावर काय बोलू, वहिनी? तुम्हीच सांगा."

प्रिया पायलकडे बघत होती. "तुझं टेबल कुठाय?" तिनं विचारलं.

"टेबल?"

"बसून लिहायला."

"न्हाई ना. मी स्वतःच्याच नंबरवर मेसेज करते. एक-एक तुकडा. मंग रविवारी दुकान बंद असतं तव्हा कंप्युटरवर जोडते."

"आणि खोडतेस कधी?"

"लई खोडते, मोठी मम्मी. एक प्रकरण तर नऊ वेळा लिहिलं. मला वाटायचं आपल्याला बिलकुल जमत न्हाई. दोन महिने बंद पण केल्तं. पण मंग वच्छलेचं काय होईल असं वाटायचं. मलाच म्हाईत नसायचं ना, पुढं काय होणार हाय ते. ते बघायला लिहायची."

राजानंदानं मान वर केली. पुढं काय होणार ते बघायला लिहायचं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो आधी ठरवायचा. तक्ता काढायचा. ठरलं नाही की पुन्हा पहिल्या पानावर यायचा.

"मला ऐकू द्या," बेबीनंदा म्हणाली. "पाय धरायचे ते नंतर धरील. आधी वाच."

"आई, दादानं हो म्हणल्याबिगर न्हाई," नागसेन म्हणाला.

"यांच्या परवानगीचा प्रश्न आहे," प्रियाही म्हणाली. पण तिचं शरीर पायलकडे वळलं होतं आणि ते राजानंदाला दिसलं.

त्याला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणण्याचा हक्क होता, आणि घरातलं कुणी त्याला दोष दिला नसता. संध्याकाळ झाली असती, मुदत टळली असती. पण एक गोष्ट त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. त्यानं वच्छलेला मनातल्या मनात जालन्याला पाठवून पाहिलं होतं, माहेरी पाठवून पाहिलं होतं, राजूरला, परभणीला, गोदावरीच्या पात्रात सुद्धा पाठवून पाहिलं होतं. कुठंच ती खरी वाटली नव्हती. या पोरीनं तिला नेलं तरी कुठं?

"वाच," तो म्हणाला.

पायलनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. सुरुवातीला ती फार भरभर वाचत होती. प्रियानं हातानं 'हळू' म्हटलं.

"'वच्छला बसमधून उतरली तेव्हा स्टँडवर कुणीच तिची वाट पाहत नव्हतं, आणि तिला बरं वाटलं. पेटी तिनं पायाशी ठेवली. दोन गाड्या बदलून ती इथं आली होती, ते इथं तिला कुणी ओळखत नाही एवढ्याच कारणानं. पहिला चहा तिनं उभ्यानंच घेतला. चहावाल्यानं कपबशी परत घेताना विचारलं, कुणाच्या तुम्ही? वच्छला म्हणाली, अजून ठरायचंय.'"

बेबीनंदा मोठ्यानं हसली. "अगं बया! बराबर बोलली!"

"उतरली?" राजानंदानं विचारलं. "म्हणजे ती निघालेली नव्हती?"

"न्हाई. आल्ती."

"पण मी कधी लिहिलं ती आली म्हणून?"

"कव्हाच न्हाई. पण ती निघाली असंपण न्हाई लिहिलं, मोठे पप्पा." पायल आता घाबरत नव्हती, तिला सांगायचंच होतं. "जिला जायचं असतं ती बाई गाडी कव्हा येती हे एकदा तरी इचारती. पप्पांच्या जीपपाशी सगळ्याच इचारतात, जल्दी निघणार का, कव्हा पोहोचणार. तुमची वच्छला एकाही वर्षी इचारत न्हाई. धुक्याच्या वर्षी न्हाई, उन्हाच्या वर्षी न्हाई. कंडक्टर भांडून राह्यला होता तव्हा पण तिनं इचारलं न्हाई. मंग मला वाटलं, हिला जायचंच न्हाई. ही आत्ताच उतरली."

राजानंदानं मांडीवरचे कागद चाळले. त्यानं स्वतःच लिहिलेलं होतं ते, दहादा, वेगवेगळ्या शाईनं, आणि त्याला दिसलं नव्हतं. त्याला पोरीचा हेवा वाटला. चांगलाच वाटला. आणि त्याच वेळी चहावाला पुढं काय म्हणाला हे जाणून घ्यायची घाईही झाली.

पायलनं दुसरं प्रकरण पूर्ण वाचलं. एके ठिकाणी वच्छला पेटीवरच बसून भाकरी खाते आणि कुत्र्याला अर्धी टाकते, तिथं नागसेननं खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसला असं दाखवलं.

प्रकरण संपलं तेव्हा सगळ्यात आधी तोच बोलला. "दादा, माझं ऐक. पहिलं प्रकरण तुझं लावू. मागून हिचं. दोघांचं नाव."

"मी तेच म्हणणार होते," पायल म्हणाली. "तुमचं नाव वर, माझं खाली. तुमच्या प्रकरणाबिगर माझं कसं सुरू होईल?"

"मंग कंडक्टरचं लावा," नागसेन म्हणाला. "ते भारी होतं."

"नाही, धुक्याचं," प्रिया म्हणाली. "त्यात तिच्या हाताचं वर्णन आहे. पेटीची कडी धरून धरून बोटं पांढरी पडलेली."

"उन्हाचं," बेबीनंदा म्हणाली. "तिला तहान लागती अन् ती मागत न्हाई. मला तव्हापासून तिची काळजी लागलेली."

राजानंद एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. हे सगळे 'छान झालं' म्हणून चहाला उठतात असंच त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यांनी तर ओळन् ओळ ठेवली होती. प्रियाला बोटं आठवत होती! त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"तिघांची तीन," तो म्हणाला. "ठरवा मग."

भांडण जोरात सुरू झालं. कंडक्टरचं लावलं तर वच्छला मागं पडते, असं प्रियाचं म्हणणं. धुक्यात आमच्या घनसावंगीचा स्टँड दिसत न्हाई, असं नागसेनचं. राजानंद ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढं पुस्तकाचं पहिलं पान आलं होतं. वर त्याचं नाव. 'लिहिते हात'वर टाकलेला फोटो. शाळेत हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलेली प्रत. प्राध्यापकांना पाठवलेली प्रत. आईनं गिरणीत पिशवीतून काढून दाखवलेली प्रत. एवढंच तर हवं होतं त्याला. पोरगी ते हातात देत होती, प्रेमानं देत होती, आणि त्यात काही खोटंही नव्हतं.

"पायल, ती पहिली ओळ पुन्हा वाच," तो म्हणाला.

तिनं वाचली. स्टँडवर कुणीच तिची वाट पाहत नव्हतं, आणि तिला बरं वाटलं.

"आणि चहावाला?"

"कुणाच्या तुम्ही? अजून ठरायचंय."

राजानंदानं मांडीवरचे कागद उचलले, पिशवीत घातले आणि पिशवीचे बंद बांधले. "कुठलंच लावू नको," तो म्हणाला.

"म्हणजे?" पायलचा चेहरा उतरला. "पाठवायचं न्हाई?"

"पाठवायचं. पण पहिलं प्रकरण नको. माझं कुठलंच नको. तू जिथून सुरू केलंस तिथूनच कादंबरी सुरू होते." तो शाळेत शिकवताना बोलतो तसं सावकाश बोलत होता. "आधी माझं लावलं तर वाचणारा तिला दहा पानं ओळखतो. मग तो चहावाला विचारतो, कुणाच्या तुम्ही, तेव्हा वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. सगळी मजा जाते. तिला कुणीच ओळखायला नको. आपण पण नको."

"दादा, पण तुझं काय राह्यलं मंग त्याच्यात?" नागसेन म्हणाला.

"नाव राहू दे तिचं. वच्छला. तेवढं बदलू नको."

प्रियानं नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या रविवारी या माणसानं एक शब्द काढायला अर्धा दिवस लावला होता आणि काढलेला शब्द संध्याकाळी परत घातला होता. त्यानं आत्ता सगळंच काढलं होतं. ती जागेवरून उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली, सासू आणि दिरासमोर, खांद्याला खांदा लावून.

"मोठे पप्पा, मला न्हाई पाठवायचं असं," पायल रडकुंडीला आली. "लोक म्हणतील, काकाची बाई चोरली."

"मला लई वाईट वाटून राह्यलंय, पायल," राजानंद म्हणाला. त्याची शाळेतली भाषा सुटली होती. "खोटं काहून बोलू? उद्या कदाचित मी तुझ्याशी बोलणार पण न्हाई. चार दिवस तुझं तोंड बघावं वाटणार न्हाई मला. म्हणून म्हणतो, आत्ताच पाठव. माझं मन फिरायच्या आत पाठव. हितं, माझ्यासमोर."

पायलनं बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. बेबीनंदानं मान हलवली. पायलचा अंगठा दोनदा चुकीच्या जागी लागला. मग गेलं. गेल्याचा बारीकसा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

राजानंदानं डोळे मिटले. बेबीनंदाच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण तिनं तो गिळला.

"आता बसली काय नुसती?" डोळे न उघडताच राजानंद म्हणाला. "तिसरं वाच. त्या चहावाल्यानं तिला रात्रीपुरती जागा दिली का न्हाई?"